बिघडलेला सेल आणि देवस्थानचे मंडळ

नामस्मरणाला वीज लागत नाही. विश्वस्तांच्या भाषणाला मात्र लागते. म्हणूनच भैरवनाथाच्या देवळात लिथियमची बॅटरी बसवलेली होती. एकेक सेल जुळवून ती कुमुद पांचाळने स्वतःच्या हाताने बांधली होती आणि तिची निगा राखण्यावरच कुमुदचे घर चालत होते.

एके दिवशी अध्यक्ष तात्यासाहेबांचे भाषण रंगात आले असताना ध्वनिक्षेपक बंद पडला. देवाने सुटकेचा श्वास सोडला असेल; तात्यासाहेबांनी मात्र तातडीने मंडळाची सभा बोलावली.

बॅटरी तपासून कुमुद म्हणाली, “एकच सेल बिघडलाय. तेवढा बदलते.”

“शोधत कोण बसणार?” तात्यासाहेब गरजले. “आयत्या बॅटऱ्यांचे भाव कोसळलेत. तुझ्या जुळवाजुळवीपेक्षा स्वस्त पडतात. एक बिघडला की अख्खा डबा टाकायचा आणि नवा आणायचा. तुझं काम आजपासून बंद!”

कुमुदने गाभाऱ्याकडे पाहून हात जोडले.

“भाव उतरलेत, हे खरंच आहे, तात्यासाहेब. पण मग उत्सवाची कढई मंडळातले तुमचे मेहुणे घरी घेऊन गेले, तेव्हा त्यांना एकट्यालाच का काढलंत? अख्खं मंडळच टाकायचं होतं. सरकारी प्रशासक आयता मिळतो आणि तुमच्या चहापाण्यापेक्षा स्वस्त पडतो.”

प्रशासकाचे नाव निघताच विश्वस्तांच्या हातांतल्या कपबशा किणकिणल्या.

तात्यासाहेबांनी स्वतः उठून बॅटरी तिच्यापुढे ठेवली.

“शोध बाई,” ते हळूच म्हणाले, “बिघडलाय तेवढाच काढ. बाकीच्यांना हात लावू नकोस.”