पानावरून उठवलेले पाहुणे

डोंगराच्या पायथ्याशी एक मोठे तळे होते आणि तळ्याच्या काठच्या गावात सुभाना नावाचा एक होडीवाला राहत होता. गावातल्या माणसांना पलीकडच्या बाजारपेठेत न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, हा त्याचा रोजचा धंदा. माणूस कामाचा आणि कष्टाळू. पण होडी काठाला लागली की लोक आपापली बोचकी उचलून चालू लागत. होडीवाल्याकडे वळून कोणी पाहत नसे.

दरवर्षी दिवाळी सरली की त्या तळ्यावर हंस येत. राखाडी अंगाचे, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस बर्फाचे डोंगर ओलांडून हजारभर कोसांवरून येत. थंडीभर तळ्याकाठचे कोवळे गवत खात, अंगावर चरबी धरत आणि शिमग्याच्या सुमाराला पुन्हा उत्तरेला निघून जात. गाव त्यांना पाहुणेच म्हणे. सुभानाचा बाप होडी नेताना हंसांना वळसा घालून जाई. बापामागे सुभानाही तसेच करी.

एका वर्षी होडीत लग्नाचे वऱ्हाड बसले होते. एक पोर काही केल्या रडायचे थांबेना. त्याला रमवायला सुभानाने वल्हे पाण्यावर जोराने आपटले. त्या आवाजासरशी काठावरचे सगळे हंस एकदम उठले. आभाळ पंखांनी भरून गेले. पोर रडायचे विसरले आणि वऱ्हाड तोंडात बोटे घालून बघत राहिले.

"वा रे सुभाना!" नवऱ्यामुलाचा मामा म्हणाला. "असा देखावा जन्मात पाहिला नव्हता."

त्या दिवशी होडीतून उतरताना एकेकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. सुभानाला रात्री नीट झोप लागली नाही, इतका तो सुखावला होता.

झाले! पंचक्रोशीत बोभाटा झाला. पलीकडे काही काम नसलेली माणसेही होडीत बसू लागली. "सुभाना, उडव की हंस!" कोणी म्हणे, आणि सुभाना वल्हे आपटी. हंस उठत, घिरट्या घालत, दमून खाली बसत. चार घास खातात न खातात तोच दुसरी खेप येई. दिवसातून दहा-दहा वेळा त्यांना उठावे लागे.

सुभानाला त्याच्या भागूआत्याने लहानाचा मोठा केला होता. तळ्याकाठी म्हशी चारताना ती हे रोज पाहत होती. एके दिवशी तिने त्याला अडवले.

"सुभाना, जेवत्या पाहुण्याला पानावरून किती वेळा उठवशील?"

"उडतात आणि परत बसतात, आत्या. त्यांचं काय जातं? देवानं पंख दिलेत कशाला?"

"डोंगर ओलांडायला दिलेत. तुझी वाहवा व्हावी म्हणून नाही दिले. अंगात बळ साठलं नाही, तर वाटेत कुठं उतरतील ती पाखरं?"

सुभानाला ते बोलणे लागले. आत्याचे खरे आहे, हे त्याच्या मनाला पटत होते. उद्यापासून वळसा घालूनच जायचे, असे त्याने ठरवलेही. पण सकाळी शेजारगावचे पाटील घरच्या मंडळींना घेऊन होडीपाशी उभे होते. "तुझं नाव ऐकून आलोय," ते म्हणाले. सुभानाचा निश्चय तिथल्या तिथे विरघळला. "आजच्या दिवस," असे मनाशी म्हणत त्याने वल्हे उचलले. मग थंडी संपेपर्यंत तो रोज आजच्या दिवसच म्हणत राहिला.

फाल्गुन लागला. एका पहाटे हंसांचा मोठा कलकलाट झाला आणि थवा उत्तरेला निघाला. सुभाना काठावर आला, तेव्हा आभाळात त्यांची रेघ पुसट होत चालली होती. पण वीस-बावीस हंस मागेच राहिले होते. तो जवळ गेला, तरी ते उठले नाहीत. त्याने एकाला उचलून घेतले. हाताला पिसे लागली आणि पिसांखाली नुसते हाड लागले.

त्याने होडी बांधून ठेवली. भिजवलेले हरभरे आणले, कोवळे गवत कापून आणले, हंसांपुढे ठेवले. काहींनी थोडे खाल्ले. पण ऊन वाढत गेले आणि थंड मुलखातल्या त्या पाखरांना ते सोसेना. चैत्र संपेपर्यंत एकेक करून सगळे गेले. शेवटी उरलेला हंस दोन दिवस उत्तरेकडे मान करून ओरडत होता. त्याला साद द्यायला तिथे कोणी नव्हते. तिसऱ्या दिवशी तोही पडला.

सुभानाने त्याला काठावर पुरले. आत्या जवळच उभी होती.

"आत्या, बोल की काहीतरी. शिव्या तरी दे."

"आता काय बोलू बाबा?" आत्या म्हणाली. "बोलायचं तेव्हा बोलले होते."

पुढच्या दिवाळीनंतर सुभानाने होडी पाण्याबाहेर ओढून पालथी घातली. थंडीभर तळ्यात वल्हे घालायचे नाही, असे त्याने ठरवले. लोकांना तळ्याला वळसा घालून पायी जावे लागे. ते कुरकुर करत. तो हात जोडून सगळ्यांची माफी मागे आणि पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात राबे. वाहवा करणारे एव्हाना कुठल्याशा जत्रेतले अस्वल पाहायला जाऊ लागले होते.

हंस आले. उंचावरून त्यांनी तळ्यावर दोन घिरट्या घातल्या. सुभाना श्वास रोखून झाडाआड उभा राहिला. तळे शांत होते, काठी गुडघाभर गवत वाढले होते. पण थवा खाली उतरला नाही. ओरडत ओरडत दक्षिणेला निघून गेला. त्याच्या पुढल्या वर्षीही तसेच झाले, आणि त्याच्याही पुढल्या वर्षी.

सुभाना बदलला होता. पण हे हंसांना कोण सांगणार?

तात्पर्य: पाहुण्याला निवांतपणे पोटभर जेवू द्यावे. आपल्या कौतुकासाठी त्याला पानावरून उठवले, तर मागाहून पश्चात्ताप येतो. पाहुणा येत नाही.