होडी लागेपर्यंत

फार पूर्वी एका खाडीच्या काठी एक ख्रिस्ती गाव होतं. गावात एक छोटं देऊळ होतं आणि त्या देवळाला घड्याळ नव्हतं. रविवारची मिस्सा, म्हणजे देवळातली मोठी प्रार्थना, किती वाजता, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं की गावकरी खाडीकडे बोट दाखवायचे. पाणी भरलं की मिस्सा.

याचं कारण खाडीच्या पलीकडे होतं. तिकडे एक बेट होतं, बेटावर मिठागर, आणि मिठागरात राबणाऱ्यांची चार घरं. त्यांची होडी भरतीलाच चालायची. ओहोटीला खाडीत कमरेएवढा चिखल तेवढा उरायचा. त्यामुळे एका रविवारी मिस्सा उजाडता उजाडता व्हायची, तर पुढच्या रविवारी पार दुपारी, पोटात कावळे ओरडायला लागल्यावर. गावकरी कुरकुरायचे, पण होडी धक्क्याला लागल्याशिवाय घंटेच्या दोरीला हात लावायचे नाहीत. देऊळ बांधलं तेव्हा वासे, कौलं, चुना, सगळं त्या चार घरांनी आपल्या होडीतून वाहून आणलं होतं. तेव्हा गावाने त्यांना शब्द दिला होता, की तुमची होडी लागल्यावरच घंटा वाजेल.

होडी वल्हवायचा दुमिंग तांडेल. त्याची बायको रुफीन. तिला सगळे रुफीनबाय म्हणत. पवित्र पाणी तयार करताना त्यात चिमूटभर मीठ घालायची रीत होती, आणि ते मीठ रुफीनबाय आणायची. हंगामातलं पहिलं मीठ ती वेगळं काढून ठेवायची, निळ्या फडक्यात बांधून आणायची. देवळाचे फादर ते चिमटीत धरून पाण्यात सोडायचे, तेव्हा ती बाकावरून मान उंच करून बघायची. देवळात तिचा मान तेवढाच, पण तो तिला पुरायचा.

तिला धास्ती मात्र एका गोष्टीची होती. ओहोटी असताना आपल्याला मरण आलं तर? फादर येऊ शकले नाहीत, शेवटचं पवित्र तेल लागलं नाही, जिभेवर ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर ठेवली गेली नाही तर? एकदा तिने हे फादरांना बोलून दाखवलं. फादर हसले आणि म्हणाले, "बाय, तू फक्त होडी पाठव. हातातलं काम टाकून निघेन."

फादर भला माणूस होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही. तीच तर या गोष्टीची अडचण आहे.

भल्या माणसाच्या हाताला यश आलं. फादर आजाऱ्यांच्या घरी जात, भांडणं मिटवत, मुलांना शिकवत. आसपासच्या वाड्यांतली माणसं देवळात यायला लागली. बाक पुरेनात, मग अंगणात मंडप पडला. मंडप पुरेना, मग नवं देऊळ बांधायचं ठरलं. बायकांनी घमेली उचलली, पुरुषांनी चिरे चढवले, आणि पायाचे चिरे पुन्हा बेटाच्या होडीतूनच आले. नव्या देवळाला उंच मनोरा झाला. शेजारी सभागृह उभं राहू लागलं, मरियामातेची गुहा ठरली. सणाला बँड वाजू लागला. गायनाच्या स्पर्धा, धावण्याच्या शर्यती, परिवार मेळावा; आठवड्याला काही ना काही असायचंच. गावाला आपल्या देवळाचा अभिमान वाटू लागला, आणि तो खोटा नव्हता.

मग देवळाच्या मंडळाच्या बैठकीत एका निवृत्त मास्तरांनी विषय काढला. ते म्हणाले, आता दूरदूरची माणसं येतात, त्यांनी पाण्याकडे बघून घरातून कसं निघायचं? दीड हजार माणसांनी एका होडीसाठी खोळंबायचं, हे काही बरं दिसत नाही. मनोऱ्यावर घड्याळ बसवू आणि मिस्सा आठची ठरवू. सगळ्यांना ते पटलं. फादरांना क्षणभर पटलं नाही. त्यांना तो जुना शब्द आठवला. पण दीड हजार माणसांपुढे चार घरं म्हणजे किती, असा हिशोब त्यांच्याही मनात आला, आणि त्यांनी मान डोलावली. बेटावर मी स्वतः जाऊन वेगळी मिस्सा करीन, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दोनदा गेलेही. नव्याचे नऊ दिवस संपले आणि सभागृहाचं छप्पर आलं, मग गुहेचं काम आलं, मग सण आला.

आठच्या मिस्सेचं बेटाला काही जमेना. एका रविवारी येता यायचं, पण परत निघेपर्यंत पाणी उतरायचं आणि दिवसभर धक्क्यावर बसून राहावं लागायचं. दुसऱ्या रविवारी होडी यायची तेव्हा लोक मिस्सा आटोपून घरी निघालेले असायचे. तांडेलाने एकदाही तक्रार केली नाही. बाकीची तीन घरं हळूहळू खाडीच्या वरच्या अंगाला दुसऱ्या गावच्या देवळात जाऊ लागली. रुफीनबाय म्हणाली, माझं मीठ इथलं, मी इथंच येणार.

नव्या देवळाच्या आशीर्वादाचा दिवस ठरला. स्वतः बिशप येणार होते. आदल्या आठवड्यात तांडेल फादरांकडे आला. त्या दिवशी पाणी दहाला भरतंय, सोहळा नऊचा आहे, तासभर पुढे गेला तर म्हातारी मीठ घेऊन येईल, एवढंच तो म्हणाला. फादर म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे नाही, हे तांडेलाला कळत होतं. रुफीनबायने मात्र त्याचा अर्थ हो असा घेतला.

त्या दिवशी ती लाल लुगडं नेसून, मांडीवर निळं पुडकं धरून होडीत बसली. होडी चिखलात होती. पाणी चढायचं होतं. नऊ वाजता खाडीपलीकडून घंटा ऐकू आली. तांडेलाने बायकोकडे बघायचं टाळलं.

"वाजू दे," ती म्हणाली. "आज माणसं खूप असतील. आपली होडी आली नाही हे त्यांना दिसलं नसेल."

ती पोचली तेव्हा जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. तिने पुडकं दारावरच्या स्वयंसेवकाकडे दिलं. त्याने ते फुलदाण्यांच्या मागे ठेवलं आणि तिच्यासाठी ताट वाढायला सांगितलं.

तिकडे वेदीवर फादरांनी दुकानातल्या मिठाची पुडी फोडली होती. बोटांना ते मीठ पिठासारखं लागलं, तेव्हाच त्यांना रुफीनबाय आठवली. दुपारी फुलदाण्या आवरताना त्यांना निळं पुडकं सापडलं. त्यांनी ते वेदीमागच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. रविवारी बेटावर जाऊन बायची माफी मागायची असं ठरवलं. त्या रविवारी गायनाची स्पर्धा होती. पुढच्या रविवारी बाप्तिस्मे होते.

महिन्याभराने एका शनिवारी परिवार मेळावा भरला. मैदानात सकाळपासून शर्यती चालल्या होत्या. नऊच्या सुमारास दुमिंग तांडेल धावतपळत आला. रुफीनबायचा श्वास लागला होता. स्वयंसेवकाने चिठ्ठी लिहून व्यासपीठावर पाठवली: बेटावरून तांडेल आला आहे, बायको अत्यवस्थ आहे.

फादरांनी चिठ्ठी वाचली. समोर बक्षिसांचं टेबल होतं, नाव पुकारलेलं पोर पायऱ्या चढत होतं, आईबाप टाळ्या वाजवत होते. आता मधूनच उठलं तर केवढा विरस होईल, असं त्यांना वाटलं. त्यांनी निरोप पाठवला, एवढं आटोपलं की आलोच, त्याला थांबायला सांगा.

तांडेल थांबला. मैदानाच्या कडेला, टोपी हातात धरून, उन्हात उभा राहिला. मधूनमधून खाडीकडे बघायचा. एकदा त्याने स्वयंसेवकाला सांगितलं, की पाणी उतरायला लागलंय. स्वयंसेवक म्हणाला, झालंच आता, थोडीच बक्षिसं राहिलीत.

पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीर घेऊन फादर धक्क्यावर आले तेव्हा साडेअकरा झाले होते. होडी चिखलात कलती पडली होती. पाण्याची एक रेघ दूरवर चमकत होती. फादर झगा वर खोचून चिखलात उतरले. चार पावलांत मांडीपर्यंत रुतले. तांडेलाने त्यांना हाताला धरून वर ओढलं.

मग दोघं धक्क्यावर बसून राहिले. समोर बेट दिसत होतं, तांडेलाचं घर दिसत होतं, घरासमोर दोरीवर वाळणारं लुगडंसुद्धा दिसत होतं. मागे मैदानात बँड वाजत होता. फादरांनी पुस्तक उघडून खाडीकडे तोंड करून प्रार्थना म्हटल्या. लोक हळूहळू धक्क्यावर जमले. मास्तरही आले.

"दुमिंग," फादर शेवटी म्हणाले, "मी लगेच उठायला हवं होतं. मी शब्द दिला होता."

तांडेल पाण्याकडे बघत होता. तो म्हणाला, "मी पाण्याला लई विनवलं, फादर, थांब म्हणून. पाणी कुठं थांबतं? थांबायचं ते माणसांनीच."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर फादरांना सोसलं असतं.

दिवस कलताना होडी तरंगली. रुफीनबाय दुपारी तीनलाच गेली होती. शेजारणीने सांगितलं, की ती दाराकडे तोंड करून पडली होती, फादर निघाले का म्हणून विचारत होती. शेजारणीने तिला खोटंच सांगितलं, की निघालेत, होडीत बसलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला तिची शवपेटी त्याच होडीतून निघाली. पेटीजवळ फादर बसले होते. इकडे मनोऱ्यावरच्या घड्याळात आठ वाजले, पण घंटा वाजवणाऱ्याने दोरीला हात लावला नाही. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सगळं गाव धक्क्यावर उभं होतं. साडेआठ झाले, नऊ झाले. होडी धक्क्याला लागली, आणि मग घंटा वाजली.

देवळात फादरांनी कपाटातून निळं पुडकं काढलं. दमट हवेने मीठ ओलसर झालं होतं. त्यांनी चिमूटभर मीठ पाण्यात सोडलं आणि ते पाणी पेटीवर शिंपडलं. नव्या देवळात रुफीनबायचं मीठ पहिल्यांदा वापरलं गेलं ते तिच्यासाठीच.

पुढच्या रविवारपासून मिस्सा पुन्हा भरतीप्रमाणे व्हावी असं मास्तरांनीच सुचवलं, आणि कुणी कुरकुरलं नाही. पण बाकीची तीन घरं वरच्या गावच्या देवळात रुळली होती. तांडेलाला त्याची मुलगी आपल्याकडे घेऊन गेली. तरी दर रविवारी पाणी भरलं की दीड हजार माणसं खाडीकडे बघत उभी राहतात. होडी येत नाही. आणखी थोडा वेळ वाट बघतात, आणि मग घंटा वाजवतात.

तात्पर्य एवढंच, की देवळाचा मनोरा कितीही उंच बांधा. आपल्यातल्या सर्वांत मागच्या माणसासाठी थांबणं जिथे संपतं, तिथे देऊळ वाढायचं थांबतं. आणि वेळेवर न थांबलेल्याला मग जन्मभर थांबावं लागतं.