उंबऱ्यापर्यंतचा माग

एकदा एका गावाच्या चावडीसमोर भांडण ऐन भरात आले होते. चोराच्या पाऊलखुणांवरून माग काढणारा एक तरुण आणि त्याला ही विद्या शिकवणारी म्हातारी, दोघेही हमरीतुमरीवर आले होते.

“एक पाऊल खोटं दाखव, आजी! आजच्या आज हे काम सोडतो!”

देवीचा चांदीचा मुखवटा चोरीस गेला होता. तरुणाने देवळापासून एकेक पाऊल काडीने मोजले, पुसले जाऊ नये म्हणून प्रत्येकावर पाटी पालथी घातली आणि माग कासाराच्या उंबऱ्याशी नेऊन सोडला. घरात मुखवटा मिळाला नाही. तरीही पंचांनी कासाराला गाव सोडण्याचा हुकूम केला. बैलावर सामान चढू लागले होते. गावात दोन पाटलांचे दोन तट होते; कासार धाकट्या पाटलाच्या तटाचा, तरुण थोरल्या पाटलाच्या.

“माझा तट मी घरी खुंटीला टांगून कामावर येतो,” तरुण म्हणाला.

“टांगतोस ना? मग चल माझ्यासंगं.”

म्हातारी निघाली. वाटेतली एकही पाटी तिने उचलून पाहिली नाही. “म्हातारीला दिसेनासं झालं वाटतं,” कुणीतरी खिदळले. ती तडक कासाराच्या परसात गेली आणि मागच्या दाराशी उकिडवी बसली.

“इथली पाटी कुठाय?”

“इथं कशाला? माग पुढच्या दारात संपला.”

“संपला, का तू संपवलास? दोन वर्षांमागं थोरल्या पाटलाच्या कारभाऱ्याच्या उंबऱ्यात असाच माग गेला होता. त्या घराला तू तीन दिवस घिरट्या घातल्यास. चोर पुढून शिरून मागच्या कुंपणातून निसटला, हे शोधून काढलंस. मीच पाठ थोपटली तुझी, आणि ते काम चोखच होतं. इथं किती घिरट्या घातल्यास रे?”

माग काढला त्या सकाळी हा उंबरा ओळखताच आपल्याला सडकून भूक लागली होती आणि आपण तिथूनच घरी वळलो होतो, हे तरुणाला आठवले.

“तट डोळ्यांना खोटं दाखवत नाही, पोरा. पाय कुठं दमायचे, तेवढं सांगतो. म्हणून तर तुझं एकही पाऊल खोटं निघायचं नाही.”

“म्हणजे कासार निर्दोष आहे? मी आत्ता जाऊन पंचांना सांगतो!”

परसात झडतीला लोटलेल्या साऱ्या गावाची पावले एकमेकांवर उमटली होती. पलीकडे कासारीण खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून डालग्यात कोंबत होती. म्हातारीने त्या तुडवलेल्या मातीवरून हात फिरवला.

“काय सांगशील? इथून कुणी बाहेर पडलं का नाही, ते आता ब्रह्मदेवालाही वाचता यायचं नाही. उद्या कासार खरोखर चोर निघाला, तरी तू त्याच्यावर अन्यायच केलायस.”