वेगळी नजर

“यातले तुझे कुठले?”

उस्तादांनी विचारलं आणि जमिनीवर अंथरलेल्या पांढऱ्या चादरीकडे बोट केलं. चादरीवर तीस फोटो मांडले होते. सगळे एकाच मापाचे, सगळे कृष्णधवल. कुणाचं नाव नाही, तारीख नाही.

सन्मती उपाध्ये हसला. “थट्टा करता काय, उस्ताद?”

“नाही.”

“अहो, संध्याकाळी प्रदर्शनाची पुस्तिका छापायला जाणार. छापखानेवाला खोळंबलाय. तुमच्या चार ओळी तेवढ्या...”

“देतो की. आधी ओळख. बारा तुझे आहेत, अठरा वर्षांतले. बाकीचे दुसऱ्यांचे.”

मिरजेत शमसुद्दीन मुजावरांना सगळे उस्तादच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी स्टुडिओ चालवला. लग्नाचे, पासपोर्टचे, मयताचेसुद्धा फोटो काढले. हौशी मंडळींना मात्र त्यांच्या डार्करूमचं दार कायम उघडं असे. सन्मती त्यांचा सगळ्यात नावाजलेला शिष्य. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, आणि सुट्टी आली की कॅमेरा गळ्यात घालून निघायचा. अकरा स्पर्धांत बक्षिसं मिळवली होती. येत्या शुक्रवारी कोल्हापुरात त्याच्या फोटोंचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं. नावही त्यानेच ठेवलं होतं : ‘वेगळी नजर’.

सन्मतीने पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि चादरीशी उकिडवा बसला.

पहिले पाच त्याने भराभर उचलले. उजनीच्या पाण्यातून उडणारे रोहित पक्षी. धुक्यातून डोकं काढणारा किल्ला. भंडाऱ्यात न्हालेला धनगर. जटा पिंजारलेला साधू. नदीघाटावरच्या ओल्या पायऱ्या.

“झालंच,” तो म्हणाला.



सहाव्याला त्याचा हात थबकला. चादरीवर आणखी एक रोहितांचा थवा होता. तेच पाणी, तीच पहाट. हाही आपलाच की काय? त्या हिवाळ्यात दोनदा गेलो होतो... त्याने तो उचलला. मग खाली ठेवला. मग पुन्हा उचलला.

सुरकुत्यांनी भरलेल्या चेहऱ्याच्या म्हाताऱ्या दोन होत्या. दोघींच्याही कपाळावर गोंदण, दोघींच्याही डोळ्यांत खिडकीचा उजेड.

खिशातला फोन वाजला. छापखान्याचाच असणार. त्याने तो न बघताच बंद केला.

“घाई नाही,” उस्ताद म्हणाले.

“मला कुठे घाई आहे?” सन्मती जरा चढ्या आवाजात बोलला, आणि पहिल्या ओळीतली म्हातारी उचलली.

शेवटी बारा फोटो त्याच्या हातात जमले. त्याने ते पत्त्यांसारखे सारखे केले आणि उस्तादांपुढे धरले.

“उरलेल्यात तुझा एकही नाही?”

“नाही.”

“हा?” उस्तादांनी कोपऱ्यातल्या एका फोटोला काठीचं टोक लावलं.

सन्मतीने तो दोन बोटांच्या चिमटीत उचलला. एक भिंत, भिंतीला खुंटी, खुंटीला सदरा. भिंत कललेली, सदऱ्याची एक बाही फोटोच्या कडेशी अर्धी कापलेली.

“हा कुणा नवशिक्याचा असणार. फोकस नाही. हात हललाय. काय दाखवायचंय ते त्याचं त्यालाच कळलेलं नाही.” त्याने फोटो चादरीवर टाकला. “असले फोटो मी विद्यार्थ्यांना दाखवतो. कसे काढू नयेत ते कळावं म्हणून.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं. आता हातातले पालथे कर.”

प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या पेन्सिलीने नाव लिहिलं होतं. पहिला, सन्मती उपाध्ये. दुसरा, सन्मती उपाध्ये. तिसरा...

तिसऱ्यावर पुण्याच्या कुणा मुग्धा फणसळकरांचं नाव होतं.

सन्मतीने तो पुन्हा उलटून पाहिला. भंडाऱ्यात न्हालेला धनगर. पुन्हा पालथा केला. नाव बदललं नव्हतं.

बारापैकी सात त्याचे निघाले. पाच दुसऱ्यांचे.

“ही म्हातारी माझीच आहे!” तो उठून उभा राहिला. “तुमची लिहिण्यात चूक झालीय. मला तो दिवस लख्ख आठवतोय. हिने मला गूळ आणि पाणी दिलं होतं. हिच्या अंगणात बसलो होतो मी!”

“तुला गूळ देणारी ती तिथं राहिली, तिसऱ्या ओळीत.”

सन्मतीने तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून तो फोटो उलटा केला. पाठीवर त्याचं स्वतःचं नाव होतं.



“विषय सारखे असले की असं होणारच,” तो म्हणाला.

“सारखे का झाले?”

“म्हणजे काय? चांगल्या जागा चार जणांना माहीत असतात. चांगला उजेड पहाटेचाच...” बोलता बोलता त्याचा आवाज वर गेला. “अठरा वर्षं पहाटे तीनला उठलोय, उस्ताद! थंडीत चिखलात पडून राहिलोय. बायको म्हणते, घरात पाहुण्यासारखा असतोस. आणि आज तुम्ही मला... मग तुम्हीच सांगा ना! पक्षी काढू? माणसं काढू? गड काढू? माझी वाट कुठली? कितीदा विचारलं तुम्हाला. दर वेळी चहा पाजता आणि पाठवून देता!”

“पाच राहिले,” उस्ताद म्हणाले.

“काय?”

“सात तू उचललेस. उरलेल्यात पाच तुझे आहेत. शोध.”

सन्मती गुडघ्यांवर बसला. आता तो फोटो पाहत नव्हता, नुसते पालथे करत होता. म्हातारी झाली. मग रोहितांचा एक थवा. बैलांची शर्यत. देवळाच्या दाराशी बसलेला आंधळा. हे चार.

बाकी साऱ्यांवर दुसऱ्यांची नावं. उलटायचा असा एकच उरला होता. मघाशी त्याने टाकला होता तिथंच तो पडला होता.

त्याचा हात पुढे होईना.

“कर पालथा.”

त्याने केला. पेन्सिलीचं लिखाण पुसट झालं होतं. ‘स. उपाध्ये. पहिला रोल. न्यायला आला नाही.’

त्याने फोटो सरळ केला. आणि मग त्याला सदरा दिसला.

बारीक चौकडीचा. वरून दुसरं बटण इतरांपेक्षा गडद, कारण ते आईने नंतर लावलं होतं. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दादा तशाच दुमडायचा, शाळेत असल्यापासून.

श्रेणिकदादाने, त्याच्या थोरल्या भावाने, मुनिदीक्षा घेतली, त्या वर्षी सन्मती चोवीस वर्षांचा होता. गावातून मिरवणूक निघाली. हत्ती होता, बँड होता. उपाध्यांचं घर धन्य झालं, असं जो तो सांगत होता. आई हसत हसत सगळ्यांना पेढे देत होती. आता त्याला दादा म्हणायचं नव्हतं. वाकून नमस्कार करायचा होता. सन्मतीने केला. दादाने हात वर करून आशीर्वाद दिला, इतरांना दिला तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवर सदरा तसाच होता. बाह्यांना अजून कोपरांचा बाक होता. मिरवणुकीसाठी मित्राचा कॅमेरा आणला होता, त्यात थोडी फिल्म उरली होती...

दुपारी आईने सदरा कुणाला तरी देऊन टाकला.

रोल त्याने उस्तादांच्या स्टुडिओत धुवायला टाकला, पण आणायला गेला नाही. दोन महिन्यांनी स्टुडिओची पायरी चढला तो फोटोग्राफी शिकायची म्हणून. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, पक्षी काढायला कुठली लेन्स लागते?

“दादाचा सदरा,” सन्मती म्हणाला. “तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. कुणाचा ते आत्ता कळलं.” उस्तादांनी काठी भिंतीला टेकवली. “स्टुडिओ बंद केला तेव्हा पोतंभर फोटो जाळले. हा दोनदा त्या ढिगात टाकला. दोनदा काढून घेतला.”

फोन पुन्हा वाजला. या वेळी सन्मतीने उचलला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता.

“छापू नका,” सन्मती म्हणाला. “...हो, ऐकलं मी. कार्डं वाटून झालीत, माहीत आहे. सगळ्यांना मी कळवतो. नाही, तारीख आत्ता नाही सांगता येणार.”

त्याने फोन ठेवला. निम्म्या गावाला आमंत्रणं गेली होती. प्राचार्य येणार होते. दिल्लीहून एक परीक्षक मुद्दाम येणार होते. उद्या लोक काय काय विचारतील, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

उस्ताद चादरीवरचे फोटो गोळा करायला लागले. ते एकेक उचलत, झटकत आणि गठ्ठ्यावर ठेवत. सन्मतीच्या हातातला मात्र त्यांनी मागितला नाही.

तो त्या कललेल्या भिंतीकडे बघत बसला होता.

“वाकडा आहे,” तो अखेर म्हणाला. “हललाय. बाही कापलीय. उस्ताद, मला तेव्हा फोटो काढता येत नव्हता...”

उस्तादांनी मान वर केली आणि त्याचं वाक्य पुरं केलं.

“आणि काढल्याशिवाय राहवतही नव्हतं.”