बिनअर्जाचे काम

एकदा एक राजा होता, असे म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. म्हणून असे म्हणू, की एकदा एक नगराध्यक्षा होती. तिचे नगर लहान, एका दमात चालून संपेल एवढे. तिथली सूतगिरणी बंद पडली, पाठोपाठ निम्मी दुकाने मंदावली, घरपट्टी थकली, आणि नगरपालिकेवर अशी वेळ आली की शिपायाने मोडक्या खुर्चीचा विषय काढला तरी मुख्याधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडे.

नगराध्यक्षेचे नाव वैजयंता. वय चाळिशीच्या आत, स्वभाव सरळ, आणि अंगी एक दुर्मीळ गुण: कुणाचा फोन आला म्हणून ती निर्णय बदलत नसे. त्या वर्षी तिच्यासमोर एकतीस कामे होती आणि निधी जेमतेम चार कामांना पुरेल एवढा. कोणती चार निवडावी? तिने विचारपूर्वक एक पद्धत ठरवली. ज्या कामासाठी नागरिकांचे अर्ज जास्त, ते काम यादीत वर. ओळख, वशिला, नातेगोते यांना तिथे थारा नाही. अशी नगराध्यक्षा मिळायला भाग्य लागते, हे मी अगदी मनापासून सांगतो.

यादी तयार झाली. पहिल्या क्रमांकावर वेशीवरची स्वागत कमान आली, कारण तरुण मंडळांनी तिच्यासाठी अर्जांचा ढीग लावला होता. दुसरे आले चौकातले कारंजे. मग रस्त्यावरचे दिवे, मग गटार. अगदी तळाशी, एकतिसाव्या क्रमांकावर, बाजाराच्या ओट्यांजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह होते. त्यासाठी एकही अर्ज आला नव्हता. कधीकाळी कुण्या अभियंत्याने सुचवले म्हणून ते कागदावर राहून गेले होते. वैजयंताने त्यावर रेघ मारली. ज्याची कुणाला गरजच नाही, त्यावर टंचाईच्या वर्षी कोण खर्च करील?

सभेपूर्वी ती यादी घेऊन आपल्या शाळेतल्या बाईंकडे गेली. बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी गावाच्या तीन पिढ्यांना भूगोल शिकवला होता. दोन नगराध्यक्ष, चार डॉक्टर आणि एक चोर त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि त्यांत चोराचे अक्षर सर्वांत वळणदार होते, हे त्या अजूनही कौतुकाने सांगत.

“बाई, एकदा नजर टाका. कुणावर अन्याय झालाय का, तेवढं सांगा,” वैजयंता म्हणाली.

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी करून तिच्या हातात परत दिली. “मंगळवारी सकाळी नऊ वाजता बाजारात ये. मी हौसाबाईच्या भाजीशेजारी बसलेली असेन. गाडी परत पाठव. आणि बाजार उठेपर्यंत जागचं हलायचं नाही.”

“पण बाई, यादीचं काय?”

“त्याचंच बघायचंय.”

वैजयंताला काही उमगले नाही. पण शाळेत असताना बाईंना ‘का’ विचारण्याचे धाडस तिला झाले नव्हते, ते आता कुठून व्हावे?

मंगळवारी ती वेळेवर पोचली. चैत्राचे ऊन सकाळीच चटके देत होते. हौसाबाई मेथीच्या जुड्या लावून बसली होती, पलीकडे मिरच्यावाली, तिच्या पलीकडे लिंबेवाली. बाईंनी पोते अंथरले होते आणि शेजारी स्टीलची भलीमोठी बरणी ठेवली होती. तिच्यात आले, कोथिंबीर घातलेले गारेगार ताक होते.

बाईंनी पहिला पेला हौसाबाईपुढे धरला.

“नगं बाई, घसा धरलाय.”

मिरच्यावाली म्हणाली, “आज मंगळवार, माझा उपास.” लिंबेवालीचा दात ठणकत होता. तेव्हा पेला वैजयंताकडे आला आणि तिने तो आनंदाने रिकामा केला. अर्ध्या तासाने दुसरा आला. पुन्हा तोच क्रम: घसा, उपास, दात, आणि पेला वैजयंताच्या हातात. उपासाला ताक चालते हे तिच्या मनात आले, पण ती बोलली नाही. तिसरा पेला पिताना तिने हळूच वास घेऊन पाहिला, ताक आंबले तर नाही ना. ताक उत्तम होते. बाई प्रेमाने ओतत होत्या, आणि बाईंना नको म्हणणे तिच्या रक्तात नव्हते.

बारा वाजेपर्यंत पाच पेले झाले. साडेबाराला वैजयंता मांडी बदलून बसली. पाऊण वाजता तिने पुन्हा मांडी बदलली.

“बाई, आपण निघायचं किती वाजता?”

“बाजार उठला की. सहा तरी होतील.”

“नाही, म्हणजे इथं जवळपास कुठे...” तिने आवाज खाली आणला, “जायची सोय आहे का?”

“मला काय ठाऊक?” बाई निरागसपणे म्हणाल्या. “गाव तुझ्या ताब्यात आहे.”

वैजयंताने हौसाबाईकडे पाहिले. हौसाबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली.

“अवो, मग तुमी ताक प्यालासा कशाला?” ती अगदी मनापासून चकित झाली होती. “बाजारात बसल्यावर कुनी पितं व्हय?”

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण नगराध्यक्षपदाची काही शान आहे. हौसाबाईने हाक दिली. चार बायका उठल्या, ओट्यावरची ताडपत्री ओढली आणि नगराध्यक्षेला मध्ये घेऊन जुन्या गोदामामागे मिरवणुकीने निघाल्या. समोरच्या केळीवाल्याने न सांगता पाठ फिरवली. ताडपत्रीचे एक टोक वाऱ्याने सुटले, ते धरताना लिंबेवाली हसू लागली. दातदुखी असलेल्या बाईने इतके हसू नये, पण ती हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि ताडपत्रीच्या आतून वैजयंताचेही हसणे ऐकू आले.

परत येऊन ती पोत्यावर बसली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

“रोज असंच करता?” तिने विचारले.

“छ्या. हे अडीनडीला. पोटुशी बाई आसली तर,” हौसाबाई म्हणाली. “बाकी आमी पीतच न्हाई. पहाटं घोटभर, मग घरी गेल्यावर. लगीन करून आले आन् सासूनं पयल्याच बाजारी शिकवलं. सव्वीस वर्सं झाली.”

“त्रास होत नाही?”

“दोनदा मुतखडा झाला. डाक्टर म्हनतो, आता पानी प्याली न्हाईस तर मूत्रपिंडच जाईल. दिसाला बारा पेले पी म्हनतो.” ती हसली. “त्याचं काय जातंय. त्याच्या दवाखान्यात संडास हाय.”

वैजयंता हसू शकली नाही. “मावशी, मग नगरपालिकेकडे अर्ज का नाही केलात?”

“कशाचा?” हौसाबाईने विचारले. तिला खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

आपण हिच्या जिवावर रेघ मारून आलो, हे वैजयंताला लख्ख दिसत होते. मग बाई बोलल्या, वर्गात बोलत तशाच सावकाश.

“वैजू, तुझ्या यादीत लबाडी नाही. पण अर्ज करतो कोण? मागितलं तर मिळेल, असं ज्याला वाटतं तो. हौसाला असं कधी वाटलंच नाही. तिनं आपली तहान आवरली आणि गप्प बसली. सुबत्तेच्या वर्षी सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं येतं. ओढगस्तीच्या वर्षी आधी त्याला शोधायला जावं, ज्यानं आपली गरजच मुकाट्यानं सोडून दिलीय. तुम्ही यंदा काटकसर करायला निघालात. या बायका सव्वीस वर्षं तुमच्यासाठी काटकसर करताहेत.”

“हे मला घरीच सांगितलं असतंत तर, बाई?”

“तर तू ते काम एकतिसावरून एकविसावर आणलं असतंस.”

वैजयंताने मान खाली घातली, कारण हे अगदी खरे होते.

सभेत तिने नवी यादी मांडली: पहिले स्वच्छतागृह, मग गटार, मग दिवे. उरलेला निधी स्वच्छतागृहाच्या पाण्यासाठी आणि रोज ते धुणाऱ्या बाईच्या पगारासाठी, कारण कुलूप लागलेली स्वच्छतागृहे प्रत्येक गावाने पाहिलेली आहेत. कमान आणि कारंजे पुढे ढकलले. एक ज्येष्ठ सदस्य उठून म्हणाले, “एकही अर्ज नसलेल्या कामाला मंजुरी कशी द्यायची?” वैजयंता शांतपणे म्हणाली, “मग पुढची सभा आपण बाजारात घेऊ. मंगळवारी, नऊ ते सहा. ताकाची व्यवस्था माझ्याकडे.” ताकाची हकीकत एव्हाना गावभर झालीच होती. महिला सदस्यांनी आधी हात वर केले, मग बाकीच्यांनी, आणि ठराव एकमताने संमत झाला.

दिवाळीच्या आत काम पूर्ण झाले. आतून लागणारी कडी, भरपूर पाणी, आणि पैशाची पिशवी ठेवायला भिंतीत एक फळी. ती फळी हौसाबाईची सूचना. नारळ लिंबेवालीने फोडला. कमान अद्याप झालेली नाही, तरी गावात येणारे लोक येतच आहेत आणि कुणी वाट चुकल्याचे ऐकिवात नाही.

महिनाभराने मुख्याधिकारी एक कागद घेऊन वैजयंताच्या दालनात आले. वहीचे फाडलेले पान होते. खाली सात सह्या आणि पंधरा अंगठे. वर लिहिले होते: ‘आम्ही बाजारकरणी विनंती करतो की ओट्यांजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ द्यावा, कारण आता तहान लागते.’

“बघा मॅडम,” मुख्याधिकारी चिंतेने म्हणाले, “एक दिलं की लोक लगेच दुसरं मागतात. आधीच आपला हात आखडलेला.”

वैजयंताने ते शेवटचे तीन शब्द पुन्हा वाचले. तिला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. तिने पुढच्या वर्षाच्या कामांचा कोरा कागद ओढला आणि पहिल्या क्रमांकावर नळ लिहिला.

“पण मॅडम, एकच अर्ज आहे.”

“पहिला आहे,” ती म्हणाली.