राजाच्या पोटातला वारा

एक होतं बेट. राजाही होता, नाही असं नाही, पण तो मागून येईल. त्याचं जेवण अजून चाललंय.

तर बेटाचं नाव फुंकरबेट. चहूकडे समुद्र आणि मधे तीन टेकड्या, थोरली, मधली आणि धाकटी. तिथं एक नदी होती. आपल्या नद्या डोंगरावरून खाली येतात की नाही? ही बया सकाळी वारा लागला की खालून वर चढायची, शेतंबितं भिजवायची आणि संध्याकाळी दमून खाली यायची. तिथल्या शेळ्यांचे कान सुपाएवढे. वारा आला की शेळ्या कान पसरायच्या आणि या टेकडीवरून त्या टेकडीवर तरंगत चरायला जायच्या. आणि मासे दुपारी माडावर चढून झावळ्यांत झोपायचे. वाऱ्यानं माड हलला की टपाटप पाण्यात. खोटं वाटतंय होय? मग तू सांग गोष्ट, मी झोपते. नाही ना? मग पाय आत घे आणि ऐक.

म्हणजे त्या बेटावरचं सगळं वाऱ्यावर चालायचं, बरं का. आणि वारा कुठून यायचा? अंड्यातून. भुरकी नावाची एक पक्षीण होती, पिवळ्या पायांची आणि भारी रागीट. ती वर्षातून एकदा यायची, तिन्ही टेकड्यांवर लिंबाएवढं एकेक निळं अंडं घालायची आणि समुद्रापार निघून जायची. थोरलीवरच्या अंड्यात खारा वारा, तो होड्यांना घरी आणतो. मधलीवरच्या अंड्यात मतलई वारा, तो होड्यांना दर्यात नेतो. धाकटीवरच्या अंड्यात डोंगरवारा. नदीला वर चढवायचं आणि शेळ्यांचे कान फुगवायचं काम त्याच्याकडे. अंडी आपली आपण फुटायची आणि तो वारा वर्षभर पुरायचा. म्हणून तिथं एक रीत होती. अंडं सापडलं की आधी कानाला लावायचं. आत सूंऽ सूंऽ ऐकू आलं की जिथलं तिथं ठेवायचं आणि मुकाट्यानं घरी जायचं. गप्प असलं तर ते साधं अंडं, खुशाल खायचं.

त्या बेटावर हौसा नावाची कोळीण राहायची. तिला नुकतीच लेक झाली होती. आता बारशाला पाळणा नको का? पण बेटावर सगळे माडच माड, पाळण्याजोगं लाकूड नाही. तिचा नवरा धाकू म्हणाला, "पलीकडच्या किनाऱ्यावरून सागवानी पाळणा आणतो. परवा परत येतो बघ." हौसानं त्याला भाकऱ्या बांधून दिल्या, सुकट दिली आणि पाण्याचं मडकं दिलं. एकच मडकं दिलं. परवा तर यायचं होतं त्याला. धाकूनं लेकीच्या कपाळाला नाक लावलं, शीड उभारलं आणि उरल्यासुरल्या जुन्या वाऱ्यावर गेला.

आता आला राजा. राजाचं नाव ठेंगणसेन. मनानं वाईट नव्हता हो, जिभेनं वाईट होता. आणि होता एवढासा. सिंहासनावर बसला की पाय लोंबकळायचे. दरबारात जो तो मान खाली घालून त्याच्याकडे बघायचा. त्याला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की तो खायचा. खाऊन रुंदी वाढली, उंची कुठली वाढायला?

त्या दिवसांत राजाला पडसं झालं होतं. राणीनं त्याला कानटोपी घातली होती, हनुवटीखाली गाठ मारून. तो ऊन खायला थोरल्या टेकडीवर गेला, तर समोर निळं अंडं. राजानं रीत पाळली हं, उगाच कुणाला नावं ठेवू नयेत. अंडं कानाला लावलं. पण कानाला कुठं, टोपीला लावलं. आत वारा घोंघावतोय आणि हा म्हणतो, "गप्प आहे." सोलायचाही कंटाळा. टरफलासकट गट्ट.

मग राजाच्या पोटात गुडगुड झालं आणि तिकडे समुद्रावरचा वारा पडला. दुसऱ्या दिवशी राजा मधल्या टेकडीवर गेला. पुन्हा तेच, पुन्हा गट्ट. राजा चवड्यांवर उभा राहिला, टाचा काही खाली टेकेनात. तिसऱ्या दिवशी धाकटीवरचं अंडं पोटात गेलं, आणि राजा भुईवरून सुटला तो थेट वाड्याच्या छपरापर्यंत. प्रधानानं धावत जाऊन त्याच्या पायाला दोरी बांधली आणि दुसरं टोक खांबाला. राजाच्या मिशीला निळं टरफल चिकटलेलं सगळ्यांनी पाहिलं, आणि काय झालंय ते सगळ्यांना कळलं.

सगळं बेट ठप्प झालं. नदी पायथ्याशी पडून राहिली. शेळ्या एकाच टेकडीवर अडकल्या, तिथलं गवत संपलं, मग एकमेकींचे कान चघळायला लागल्या. मासे माडावरच. लोक करंड्या घेऊन त्यांना उतरवायला लागले आणि मासे वर तोंड करून कुरकुरायला लागले. भुरकी आता वर्षानं येणार. तोवर काय करायचं?

आणि धाकू आला नाही. परवा उलटला, तेरवा उलटला. हौसा किनाऱ्यावर उभी राहायची. समुद्र नुसता पडलेला, एक लाट नाही. तिला भाकऱ्या आठवत नव्हत्या, सुकट आठवत नव्हती. ते एक मडकं काही डोळ्यांपुढून जाईना. शेवटी तिनं लेकीला पोटाशी बांधलं आणि तडक राजवाडा गाठला.

तिथं ही गर्दी. वैद्यबुवा शिडीवर चढले होते. म्हणाले, "महाराज, एवढा ओवा चावा आणि एक ढेकर द्या. वारा मोकळा होईल." राजानं ओवा तोंडात घेतला, पण चावला कुठं? गालात दडवून ठेवला. औषध गालात दडवणारं आपल्याकडेही कुणीतरी आहे, मी नाव घेत नाही. मग प्रधानानं पाठीवर थोपटलं. राजानं ओठ मिटून घेतले. मग राणीनं तळपायाला गुदगुल्या केल्या. राजा नाकातल्या नाकात हसला, पण ढेकर दिली नाही.

"मी नाही देणार ढेकर," तो दातांवर दात दाबून म्हणाला. "जन्मभर सगळ्यांनी मला वरून पाहिलं. आता कुठं मी सगळ्यांना वरून बघतोय."

हौसाला असा राग आला म्हणता, वाटलं दोरी धरावी आणि हिसका मारून आणावं खाली. पण जाळ्याची गाठ ओढली की आणखी घट्ट बसते, हे कोळणीला कुणी शिकवायला लागत नाही. तिनं राग गिळला.

"नका देऊ ढेकर, महाराज," ती म्हणाली. "पण एवढं वर गेलाच आहात तर माझं एक काम करा. माझं माणूस कुठं दिसतंय का बघा."

राजाची कळी खुलली. उंचावरचं काम त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. म्हणाला, "सोड दोरी."

हौसानं थोडी दोरी सोडली. "काय दिसतंय, महाराज?"

"छप्पर दिसतंय. गावची सगळी अंगणं दिसतायत. प्रधानजी, तुमच्या पगडीखाली टक्कल आहे होय? मागून दिसतंय."

हौसानं आणखी दोरी सोडली. "आता काय दिसतंय?"

"तिन्ही टेकड्या. पण नदी अशी वळकटी होऊन का पडलीय? आणि शेळ्यांच्या कानांना भोकं कशानं पडली?" राजाचा आवाज जरासा उतरला होता.

हौसानं शेवटच्या टोकापर्यंत दोरी सोडली. लेकीला एका हातानं थोपटत होती. "आणि आता?"

"समुद्र. केवढा मोठा आहे गं. एक होडी दिसतेय. जागची हलत नाही. मडकं पालथं पडलंय. एक माणूस बसलाय, सारखा ओठांवरून जीभ फिरवतोय. त्याच्यापुढं पाळणा आहे आणि तो पाळणा हलवतोय." राजानं डोळे बारीक केले. "अगं, पाळणा तर रिकामा आहे. रिकामा पाळणा कशाला हलवतोय तो?"

हौसानं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सवय करतोय, महाराज. लेक झालीय आम्हाला."

आणि मग, बरं का, वरून आवाज आला कराकरा, कराकरा. राजा गालातला ओवा चावत होता.

आणि दिली त्यानं ढेकर. अशी ढेकर, की वाड्याची कौलं उडाली. खारा वारा सुटला, लांब दर्यावर गेला, तिकडून वळला आणि मागून येऊन त्यानं धाकूचं शीड फुगवलं. राजा थोडा खाली आला. दुसरी ढेकर. मतलई वारा निघाला, पण त्याची पाळी रात्रीची, म्हणून तो माडांत जाऊन बसला. राजा आणखी खाली. तिसरी ढेकर, आणि डोंगरवारा धावला. नदी अंग झाडून उठली आणि चढायला लागली. शेळ्यांनी फाटके कान पसरले. उरलेसुरले मासे टपाटप पाण्यात. आणि राजा दाणकन पडला, तो प्रधानाच्या अंगावर.

हौसा तिथं थांबलीच नाही. पाण्याचा तांब्या घेऊन किनाऱ्यावर धावली. होडी आली. धाकू कमरेएवढ्या पाण्यात उतरला. आधी घटाघटा पाणी प्यायला, मग लेकीला घेतलं. हौसाला त्याला पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "केवढा उशीर."

थाटात बारसं झालं. लेकीचं नाव ठेवलं झुळूक. राजा जेवायला आला, पण गप्प गप्प. पुन्हा ठेंगणा झाला होता ना. हौसानं त्याच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "उंच जायचंय ना, महाराज? आमच्या होडीची डोलकाठी काय कामाची मग?"

तेव्हापासून ठेंगणसेन राजा रोज संध्याकाळी डोलकाठीच्या टोकावर बसायला लागला. कानटोपी काढून, हं. कुणाची होडी कुठं अडकलीय ते तोच पहिल्यांदा बघायचा आणि ओरडून सांगायचा, आणि लोक माना वर करून ऐकायचे. आणि त्या बेटावर नवी रीत पडली. जेवण झालं की उठायचं, समुद्राकडे तोंड करायचं आणि मग ढेकर द्यायची. कुणाच्या तरी शिडाला तेवढाच वारा.

झुळूक त्या पाळण्यात मोठी झाली आणि सगळी माणसं सुखानं नांदली. काय रे, जांभई आली का? मग खिडकीकडे तोंड करून दे. कुणीतरी घरी यायला निघालं असेल. आणि आता डोळे मिटा बघू.