चिमा कुंभारणीनं भरलेला कर

ही गोष्ट लिहायची मला काही हौस नाही. चौथीत शाळा सोडली ती असलं काही करावं लागू नये म्हणूनच. पण वाचनालयवाले तीनदा दारात येऊन बसले, तीनदा चहा पिऊन गेले. म्हणून लिहितो. शुद्धलेखन त्यांचं त्यांनी बघावं.

तांबखिंडीच्या मानाजी राजानं दवंडी पिटवली. कर कसा भरायचा ते छोट्या धंदेवाल्यानं स्वतःच ठरवावं. एकतर विकलेल्या मालातला चौथा हिस्सा द्यायचा, नाहीतर केलेल्या मालातला. एकदा अंगठा उठवला की बारा वर्षं बदल नाही. दोन दिवसांत ठरवलं नाही तर हत्यारं जप्त.

राणू कुंभार कपाळाला हात लावून बसला. बायकोला म्हणाला, "विकण्यावर भरला तर सरकारी कारकून दिवसभर दारात बसणार. त्याचं जेवणखाण आपल्या चुलीवर. करण्यावर भरला तर भाजताना चारांतलं एक मडकं तडकतंच, त्याचाही कर. चाक देऊन टाकू, चिमे. मजुरीला जाऊ."

"तुम्ही माती मळा," चिमा म्हणाली. "मी जाऊन येते."

दरबारात ती राजासमोर उभी राहिली. "सरकार, केलेल्या मालावर भरते. पण मडकं केलं असं कधी धरायचं?"

राजाच्या आधी विसाजी दिवाणच बोलला. दुसऱ्याच्या ताटातलं मोजण्यात त्याचा जन्म गेला होता. "चाकावरून उतरलं की धरायचं. भाजेपर्यंत थांबलो तर फुटकी दाखवून सूट मागाल."

"म्हणजे न भाजलेलंही मडकंच?"

"मडकं नाहीतर काय, म्हैस?" राजा म्हणाला.

"मग तेवढं लिहून शिक्का मारा."

मारला शिक्का. चिमानं अंगठा उठवला.

आठव्या दिवशी पाच गाढवं राजवाड्यात शिरली. पाठीवर चाळीस मडकी, उन्हात सुकवलेली, न भाजलेली. दिवाणानं मिशीला पीळ दिला आणि मडकी पाणी भरायला लावली. घटकाभरात चाळीसच्या चाळीस विरघळली. अंगणभर राडा. काय झालं ते बघायला राजा तरातरा आला आणि पाय घसरून त्या राड्यात फतकल मारून बसला.

"हा कर आहे?" तो ओरडला.

"चौथा हिस्सा आहे, सरकार. मोजून घ्या. म्हैस एकही नाही."

"दुसरी चाळीस भाजून आण!" दिवाण किंचाळला.

"आणते की. फक्त तडकलेलं मडकं हे मडकं धरायचं का, तेवढं सांगा."

"धरायचं! सूट नाही म्हणून सांगितलं ना?"

"बरं झालं. चारांतलं एक तडकतं आणि सरकारचा हिस्साही चारांतला एक. तडकलेली सगळी इथं पोचवते, चांगली बाजारात नेते. आणि ते मडकं नाहीच म्हणत असाल, तर त्याचा कर कसला मागता?"

दिवाण बोटांवर मोजायला लागला, चारांतलं एक, चारांतलं एक. त्याच्याकडं बघून राजाला जे हसू फुटलं, ते आवरेना. उठायला जाई आणि हसता हसता पुन्हा चिखलात बसे. शेवटी बसल्या बसल्याच त्यानं चिमाला बारा वर्षांचा कर माफ केला, तळ्याकाठची मातीची खाण तिच्या नावावर केली, आणि दिवाणाला म्हणाला, "विसाजी, अंगण तू पूस."

झाली गोष्ट. हीच गोष्ट गेल्या साली एकानं बारशात आपली म्हणून सांगितली. कुंभारीण काढून सोनार घातला. मी म्हटलं, सोन्याचा दागिना पाण्यात विरघळतो का रे? तर चार माणसांत मलाच म्हणाला, म्हातारा चळलाय. अजून माफी मागितलेली नाही. त्याचं नाव लिहायला मी भीत नाही. पिठगिरणीवाला दगडू शेलार.